जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प

जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प हा महाराष्ट्राच्या रत्नागिरी जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातील माडबन गावाजवळ अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर उभारण्याचे योजलेले अणुविद्युत केंद्र आहे. न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआयएल) या केंद्र सरकारच्या महामंडळाचा हा प्रकल्प असून, फ्रेंच बनावटीच्या ईपीआर प्रकारच्या सहा अणुभट्ट्या येथे बसविण्याची योजना आहे. प्रत्येक भट्टीची क्षमता १,६५० मेगावॅट धरल्यास एकूण क्षमता ९,९०० मेगावॅट होते. एवढ्या क्षमतेचे केंद्र पूर्ण झाल्यास ते जगातील सर्वांत मोठ्या अणुविद्युत केंद्रांमध्ये गणले जाईल. प्रकल्पासाठीचे भूसंपादन इ.स. २०१० मध्ये झाले. तथापि अणुभट्ट्यांच्या बांधकामाला अद्याप प्रारंभ झालेला नाही.

स्थान आणि भूप्रदेश

प्रकल्पाला जैतापूरचे नाव असले तरी त्याची जागा जैतापूर या जुन्या बंदरगावात नाही. राजापूरच्या खाडीच्या मुखाशी वसलेल्या जैतापूरपासून काही अंतरावर असलेला माडबनचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे पठार, प्रकल्पासाठी निवडण्यात आला. हे पठार समुद्रसपाटीपासून सरासरी सुमारे २५ मीटर उंच आहे. उत्तरेस राजापूरची खाडी, दक्षिणेस विजयदुर्गची खाडी आणि पश्चिमेस खुला समुद्र अशी त्याची मांडणी आहे. खाडीपलीकडे साखरी नाटे हे मच्छीमारांचे मोठे गाव असून नाटे येथे यशवंतगड हा किल्ला आहे.

माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरिलवाडा या गावांची मिळून सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित करण्यात आली. प्रत्यक्ष केंद्रासाठी यातील सुमारे ६९२ हेक्टर जमीन असून उरलेली कर्मचारी वसाहतीसाठी व तत्सम कामांसाठी आहे. या जमिनीचा बराचसा भाग शासकीय कागदपत्रांत पड व नापीक म्हणून दाखविला गेला आणि पुढील सर्व वादाचे एक मूळ येथेच आहे. कोकणातील सडा उन्हाळ्यात उघडाबोडका दिसतो. पण पावसाळ्यात त्यावर चारा उगवतो, खोलगट जागी भात-नाचणी होते आणि कातळ फोडून लावलेली हापूसची कलमे पिढ्यान् पिढ्या उत्पन्न देतात. सातबाऱ्यावरील ‘पड’ ही नोंद आणि गावकऱ्याच्या दृष्टीने असलेला जमिनीचा उपयोग यांतील अंतर टाटा समाजविज्ञान संस्थेच्या सामाजिक परिणामांविषयीच्या अहवालातही अधोरेखित झाले.

पार्श्वभूमी

भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र महाराष्ट्रातच, त्या वेळच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे, १९६९ मध्ये सुरू झाले. तेथील पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी बनावटीच्या होत्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर परदेशी इंधन व तंत्रज्ञान मिळणे दुरापास्त झाले आणि भारतीय अणुकार्यक्रम जड पाण्यावर चालणाऱ्या देशी भट्ट्यांच्या आधाराने, धिम्या गतीने पुढे सरकला. तारापूरच्याच तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या (प्रत्येकी ५४० मेगावॅट) २००५-०६ मध्ये सुरू झाल्या तेव्हा त्या देशातील सर्वांत मोठ्या देशी भट्ट्या होत्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना विस्थापित व्हावे लागले. या गावांच्या पुनर्वसनातील तक्रारींचा दाखला पुढे माडबनच्या सभांमधून वारंवार दिला गेला.

सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिल्यावर परदेशी भट्ट्यांचा मार्ग पुन्हा खुला झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस भारत व फ्रान्स यांच्यात अणुसहकार्य करार झाला. अणुऊर्जा आयोगाचे माजी अध्यक्ष अनिल काकोडकर यांनी २०११ च्या आरंभी मराठी वृत्तपत्रात लिहिलेल्या लेखात, निर्बंध उठविण्याच्या प्रक्रियेत पुरवठादार देशांच्या व्यापारी हितसंबंधांचीही दखल घ्यावी लागली, असे मोकळेपणाने नमूद केले होते. जैतापूरसाठी फ्रेंच भट्टीची निवड स्पर्धात्मक निविदेने न होता दोन सरकारांमधील वाटाघाटींतून झाली, ही गोष्ट समजून घेतल्याशिवाय प्रकल्पाच्या किमतीविषयीचा पुढील वाद नीट उलगडत नाही.

करार आणि पर्यावरणीय मंजुरी

केंद्र सरकारने या जागेला २००५ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली होती. फेब्रुवारी २००९ मध्ये एनपीसीआयएल आणि फ्रान्सची अरेवा ही कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला. पर्यावरणीय परिणामांचा अहवाल नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) तयार केला आणि त्यावर मे २०१० मध्ये जनसुनावणी झाली. अहवालाच्या मराठी प्रती गावांना वेळेवर मिळाल्या नाहीत, असा आक्षेप या सुनावणीत ग्रामस्थांनी नोंदविला.

तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह मंजुरी दिली. त्यानंतर आठवडाभरातच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष निकोलस सार्कोझी भारतात आले आणि ६ डिसेंबर रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत पहिल्या दोन भट्ट्यांविषयीचा चौकट करार झाला. मंजुरी देताना पर्यावरणाखेरीज ऊर्जा, अर्थकारण व परराष्ट्रसंबंध यांचाही विचार करावा लागला, हे रमेश यांनी स्वतः मान्य केले होते.

भूसंपादन आणि आंदोलन

संपादनाचा फटका सुमारे २,३०० खातेदारांना बसला. जानेवारी २०१० मध्ये बंदोबस्तात जमिनीचा ताबा घेण्यात आला. परंतु बहुसंख्य खातेदारांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. जनहित सेवा समिती आणि कोकण बचाव समिती या संघटना विरोधात अग्रभागी होत्या. शिवसेनेने आंदोलनाला पाठिंबा दिला, तर राज्य मंत्रिमंडळातील नारायण राणे यांनी प्रकल्पाची बाजू लावून धरली. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री झालेले पृथ्वीराज चव्हाण यांनी ग्रामस्थांशी मुंबईत व माडबन येथे चर्चा केली. मात्र तोडगा निघाला नाही.

११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप व त्सुनामीनंतर फुकुशिमा येथील भट्ट्यांची शीतकरण यंत्रणा बंद पडून गाभे वितळले. त्यानंतर जैतापूरचा प्रश्न स्थानिक राहिला नाही. एप्रिलमध्ये माजी नौदलप्रमुख एल. रामदास आदींच्या सहभागाने तारापूर ते जैतापूर यात्रा काढण्याचा प्रयत्न झाला. १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे जमाव व पोलीस यांच्यात संघर्ष होऊन पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एक स्थानिक तरुण ठार झाला.

आंदोलनाचे दोन प्रवाह ध्यानात घेण्याजोगे आहेत. माडबन-मिठगवाण्याच्या शेतकऱ्यांचा प्रश्न जमिनीचा होता आणि त्याला मोबदला हे निदान एक उत्तर होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये राज्य सरकारने हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांचे वाढीव अनुदान जाहीर केल्यावर अनेक खातेदारांनी पैसे स्वीकारले. नाट्याच्या मच्छीमारांची मात्र जमीन गेलेली नव्हती. त्यामुळे भूसंपादन कायद्याच्या लेखी ते प्रकल्पग्रस्तच नव्हते. ज्या समुद्रावर त्यांचा निर्वाह चालतो त्याला सातबारा नसतो. जमीनमालकांचा विरोध सौम्य झाल्यानंतरही मच्छीमारांचा विरोध टिकून राहण्याचे हे प्रमुख कारण आहे.

समुद्रात सोडले जाणारे गरम पाणी

अणुभट्टीत निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाहून थोड्या अधिक भागाचीच वीज होते. उरलेली उष्णता बाहेर टाकावी लागते. कोळशावरील केंद्रात तिचा काही भाग धुराड्यातून जातो, अणुकेंद्रात जवळपास सर्व भार पाण्यावर येतो. सहा ईपीआर भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालल्यास सुमारे २७,००० मेगावॅट उष्णता निर्माण होईल आणि त्यातील सतरा हजारांच्या आसपास मेगावॅट समुद्रात जाईल. त्यासाठी दररोज सुमारे ५२,००० दशलक्ष लिटर पाणी समुद्रातून घेऊन गरम स्वरूपात परत सोडावे लागेल, असा अंदाज मांडला गेला आहे.

हे पाणी किरणोत्सारी नसते. ते गाभ्याच्या संपर्कात येत नाही. मच्छीमारांचा आक्षेपही मुख्यतः तापमानाचा आहे. सोडलेल्या पाण्यामुळे समुद्राचे तापमान मूळ तापमानापेक्षा ५ अंश सेल्सिअसहून अधिक वाढू नये, असा निकष प्रकल्पाला लावण्यात आला. पाणी दूरवर, खोल ठिकाणी सोडल्यास ते लवकर मिसळते, असे महामंडळाचे म्हणणे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासाने मात्र या परिसरातील खाड्या, खारफुटी व सागरी जीवसृष्टी यांच्या समृद्धीकडे लक्ष वेधले आणि तापमानातील लहानशी वाढही काही जातींना घातक ठरू शकते, असा इशारा दिला. बांगडा, कोळंबी, माकूल यांचे थवे उष्णतेला कसा प्रतिसाद देतील हे भट्ट्या सुरू झाल्यावरच दिसेल. याखेरीज केंद्राभोवतीच्या समुद्रात सुरक्षेसाठी मज्जाव होईल आणि राजापूर खाडीतून बाहेर पडणाऱ्या होड्यांचा मार्ग अडेल, ही भीती तापमानाच्या प्रश्नाहून अधिक निकटची आहे.

भूकंपाचा प्रश्न

शासकीय भूमिकेनुसार जैतापूर भूकंपक्षेत्र तीनमध्ये येते आणि आराखडा त्याहून तीव्र धक्का गृहीत धरून केला आहे. विरोधकांनी या वर्गीकरणालाच हरकत घेतली. त्यांच्या युक्तिवादाला सह्याद्रीपलीकडील एका अनुभवाचा आधार आहे. सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसर भूकंपप्रवण नाही, असे पूर्वी मानले जाई. ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे ६.५ च्या आसपास क्षमतेचा भूकंप होऊन सुमारे १८० जण मृत्युमुखी पडले. जैतापूर तेथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानेही दख्खनच्या स्थिर समजल्या जाणाऱ्या भूभागाविषयीचा विश्वास डळमळीत केला.

भूभौतिकशास्त्रज्ञ रॉजर बिलहॅम आणि विनोद गौड यांनी २०११ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात या परिसराच्या भूकंपीयतेवर लेख प्रसिद्ध केला. कोयना वा किल्लारीसारखा धक्का जैतापूरजवळ बसण्याची शक्यता कमी असली तरी ती नाकारता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. अणुऊर्जा विभागाशी संबंधित शास्त्रज्ञांनी, जागेजवळ सक्रिय प्रस्तरभंग आढळलेला नाही, असे उत्तर दिले. त्सुनामीच्या बाबतीत सड्याची उंची ही जागेची जमेची बाजू आहे.

ईपीआर भट्टी आणि तिचा परदेशी अनुभव

ईपीआर ही दाबाखालील साध्या पाण्यावर चालणारी भट्टी आहे. आपत्कालीन शीतकरणाच्या एकमेकींपासून स्वतंत्र चार यंत्रणा, दुहेरी काँक्रीट कवच आणि गाभा वितळल्यास तो पसरवून थंड करण्यासाठी तळाशी केलेली खास जागा ही तिची वैशिष्ट्ये होत. आयुर्मान ६० वर्षांचे धरले आहे. कागदावर ही भट्टी जुन्या पिढीतील भट्ट्यांहून सुरक्षित आहे, याविषयी फारसा मतभेद नाही. अडचण ती बांधण्याची आहे.

पहिली ईपीआर फिनलंडमधील ओल्किलुओतो येथे २००५ मध्ये बांधावयास घेतली गेली. ती २००९ मध्ये सुरू होणे अपेक्षित होते. नियमित वीजनिर्मिती एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. फ्रान्समधील फ्लामांविल येथील भट्टीचे काम २००७ मध्ये सुरू झाले आणि ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली. तिचा खर्च ३.३ अब्ज युरोंच्या मूळ अंदाजावरून १३ अब्जांच्या पुढे गेला. दरम्यान तिच्या दाबपात्राच्या पोलादात कार्बनचे प्रमाण जास्त आढळल्याने मोठी चौकशी झाली. चीनमधील ताईशानच्या दोन भट्ट्या त्या मानाने लवकर, २०१८ व २०१९ मध्ये, व्यावसायिकरीत्या सुरू झाल्या. पण त्यांतील एक इंधनकांड्यांतील बिघाडामुळे २०२१ मध्ये वर्षभर बंद ठेवावी लागली.

जैतापूरच्या दृष्टीने फिनलंडचे उदाहरण विशेष बोलके आहे. हा देश लहान आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या (२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५८ लाख) त्याच्यापेक्षा किंचित अधिकच भरेल. ओल्किलुओतोची एकच भट्टी त्या देशाच्या विजेपैकी सुमारे सातवा हिस्सा पुरविते. इतक्या लहान देशाने इतका मोठा जुगार पचविला याचे एक कारण करारात होते: भट्टी ठरावीक किमतीत पूर्ण करून देण्याची जबाबदारी अरेवाच्या गटाने घेतली होती. वाढलेल्या खर्चाचा मोठा भार त्यामुळे पुरवठादारावर पडला, आणि अरेवा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचण्यास हा व्यवहार बऱ्याच अंशी कारणीभूत ठरला. फ्रान्स सरकारने पुनर्रचना करून तिचा भट्टी व्यवसाय ईडीएफ या सरकारी वीजकंपनीकडे सोपविला. वापरलेले इंधन कायमचे पुरण्यासाठी खडकात खोल बोगदेही फिनलंडने त्याच परिसरात खोदले आहेत.

जैतापूरची वाटाघाटही यामुळे ईडीएफकडे गेली. जानेवारी २०१६ मध्ये सहा भट्ट्यांसाठी सामंजस्य करार झाला. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांच्या भारतभेटीत कामाच्या वाटणीविषयी करार झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने बंधनकारक तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव सादर केला. या प्रस्तावानुसार ईडीएफ अभियांत्रिकी आराखडे व मुख्य यंत्रसामग्री पुरवील. ती प्रकल्पात गुंतवणूक करणार नाही आणि बांधकामाची जबाबदारीही तिची नसेल. ती एनपीसीआयएलची राहील. फिनलंडमध्ये जो धोका पुरवठादाराने उचलला तो येथे खरेदीदाराकडे येतो.

उत्तरदायित्व आणि वीजदर

अणुअपघाताच्या नुकसानभरपाईविषयीचा कायदा संसदेने २०१० मध्ये केला. भोपाळ दुर्घटनेच्या आठवणीमुळे त्यात, यंत्रसामग्रीतील दोषामुळे अपघात झाल्यास चालकाला पुरवठादाराकडून भरपाई वसूल करता येईल, अशी तरतूद घातली गेली. परदेशी कंपन्यांनी हे कलम आंतरराष्ट्रीय प्रथेला सोडून असल्याचे सांगत त्याला विरोध केला आणि वाटाघाटी रेंगाळण्याचे ते एक कारण ठरले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ या नावाने ओळखला जाणारा नवा कायदा मंजूर करून अणुवीजनिर्मितीचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले आणि पुरवठादारावरील उत्तरदायित्वही सैल केले. मोठा अपघात झाल्यास अंतिम भार कोणावर, हा नाट्याच्या सभांत विचारला गेलेला प्रश्न यामुळे मिटला नाही. तो सरकारी तिजोरीकडे सरकला.

दराचा प्रश्न त्याहून व्यवहारी आहे. महाराष्ट्राला या बाबतीत एन्रॉनचा अनुभव आहे. याच रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात उभारलेल्या दाभोळ वीजप्रकल्पाची वीज परवडत नाही म्हणून राज्य वीज मंडळाने २००१ मध्ये खरेदी थांबविली आणि बांधलेला प्रकल्प बंद पडला. अणुवीज इंधनाच्या दृष्टीने स्वस्त, पण भांडवलाच्या दृष्टीने अतिशय महाग असते. बांधकाम लांबले की व्याज चढते आणि त्याचा बोजा प्रत्येक युनिटवर पडतो. भट्टीची किंमत व तीतून येणारा दर यांवर दोन्ही बाजूंचे एकमत न झाल्यामुळेच २०२१ चा प्रस्ताव अंतिम करारापर्यंत पोहोचलेला नाही.

भवितव्य

दरम्यानच्या काळात भोवतालची परिस्थिती बदलली आहे. ७०० मेगावॅटच्या देशी भट्ट्या गुजरातमधील काक्रापार येथे २०२३ व २०२४ मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाल्या आणि अशा दहा भट्ट्यांना केंद्राने २०१७ मध्येच एकत्रित मान्यता दिली होती. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुक्षमतेचे उद्दिष्ट जाहीर झाले; त्या वेळी देशाची अणुक्षमता नऊ गिगावॅटच्याही आत होती आणि एकूण विजेत अणुविजेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास होता. त्याच महिन्यात भारत व फ्रान्स यांनी लहान व प्रगत भट्ट्यांविषयी इरादापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. उद्दिष्टाचा आकडा पाहता जैतापूर वगळणे केंद्राला कठीण आहे. देशी भट्ट्यांची प्रगती पाहता त्यासाठी घाई करण्याचे कारणही उरलेले नाही.

विजेची गरज मात्र खरी आहे आणि ती घाटमाथ्यावर सहज दिसते. सांगली जिल्ह्यातील ताकारी, म्हैसाळ व टेंभू या उपसा सिंचन योजना कृष्णेचे पाणी अनेक टप्प्यांनी उचलून जत, कवठे महांकाळ, आटपाडीकडे नेतात आणि त्यांच्या वीजबिलांचा प्रश्न दर दुष्काळात पुढे येतो. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातील वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, कोयनेची जलविद्युत क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे आणि म्हैसाळ योजनेसाठी सौरप्रकल्प हाती घेण्यात आला आहे. सौरवीज लिलावांत कमी दराने मिळू लागली आहे. परंतु ती सूर्यास्तानंतर मिळत नाही आणि तिच्या साठवणीचा खर्च वेगळा असतो. अणुविजेचे समर्थक रात्रंदिवस चालणाऱ्या पुरवठ्याचा जो मुद्दा मांडतात त्याचे वजन या उणिवेत आहे. साठवणीची किंमत जितकी खाली येईल तितके ते वजन घटेल.

राजापूर तालुक्याने या काळात आणखी दोन प्रकल्पांचे वाद पाहिले. नाणार येथील तेलशुद्धीकरण प्रकल्प विरोधामुळे २०१९ मध्ये रद्द झाला, तर बारसू-सोलगाव परिसरातील पर्यायी जागेवरून २०२३ मध्ये पुन्हा संघर्ष झाला. तेथील सड्यावरील कातळशिल्पांचा प्रश्नही त्यात पुढे आला. नाणारची जमीन अधिसूचना मागे घेतल्यावर मालकांकडे मोकळी झाली. माडबनच्या जमिनीची स्थिती तशी नाही. ती महामंडळाच्या नावावर असून तिच्याभोवती भिंत बांधलेली आहे, आणि भिंतीआड गेलेल्या सड्यावर गावाची गुरे चरत नाहीत.